ग्लेशियर बे, अलास्का : जुलैतला आठ दिवसांचा कयाक प्रवास (तयारीचा धागा)

उत्तरवारा | ३ मार्च, रात्री ९.४०

व्यनितून (खासगी निरोपातून) तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळं एका जागी लिहितो. जागा : आग्नेय अलास्कातलं ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. बेत : चौघे जण, दोन जोडकयाक (दोघांनी वल्हवायच्या लांबट, चिंचोळ्या होड्या), जुलैचा पहिला पंधरवडा, सात रात्री तंबूत.

जूनोहून छोट्या विमानाने किंवा फेरीने गस्टेव्हस, तिथून १६ किलोमीटर रस्त्याने बार्टलेट कोव्ह, म्हणजे उद्यानाचं ठाणं. १ मे ते ३० सप्टेंबर रानात मुक्काम करायचा तर परवाना लागतो. तो फुकट मिळतो, पण आधी तिथल्या केंद्रात बसून माहितीसत्र ऐकावं लागतं. अस्वलाला न उघडणारे अन्नाचे डबेही तिथेच उसने मिळतात. कयाक भाड्याने मिळते. स्टोव्हचं इंधन आणि अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा विमानात चालत नाही, दोन्ही तिथे पोचल्यावर घ्यायचं. सामानात लपवून नेऊ नका, जप्त होतं आणि वर दंड.

मुखापासून टार इनलेटच्या (इनलेट म्हणजे आत शिरलेली अरुंद खाडी) टोकापर्यंत हा उपसागर सुमारे १०५ किलोमीटर आत जातो. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना इथे जेमतेम ८ किलोमीटरचा खळगा आणि पुढे बर्फाची भिंत दिसली. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर ती भिंत ४० किलोमीटरहून जास्त मागे सरली होती. हा निव्वळ इतिहास नाही. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे जमीन अजून वर येते आहे, काही भागात वर्षाला ३ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तीस वर्षांपूर्वी खोली मोजलेल्या नकाशावर जिथे मीटरभर पाणी दाखवलंय, तिथे आज जवळजवळ कोरडं असू शकतं. बार्टलेट कोव्हजवळच्या बिअर्डस्ली बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांत हे हमखास नडतं.

बाकी सगळं सुधारता येतं, पाण्याच्या थंडीला मात्र तोड नाही. उन्हाळ्यात पृष्ठभागाचं पाणी साधारण ५ ते १० अंश, हिमनद्यांजवळ त्याहून कमी. मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गिसब्रेख्ट यांचा १-१०-१ हा हिशोब पाठ करून ठेवा. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात येत नाही, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय ऐकतात, आणि शुद्ध हरपायला १ तासाच्या आसपास लागतो. माणूस गारठून मरतो हा समज अर्धवट आहे. बहुतेकदा तो त्याआधीच, पहिल्या मिनिटात धाप लागून पाणी ओढल्याने किंवा हात निकामी झाल्याने बुडतो. म्हणून लाइफ जॅकेट डेकवर (कयाकच्या पाठीवर) बांधायची वस्तू नव्हे, ती अंगात हवी.

---

खाडीकाठ | ३ मार्च, रात्री ११.०५

तारकर्ली-देवबागला वल्हवणाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न कपड्यांचा. ३ मिलीमीटरचा बिनबाह्यांचा वेटसूट आणि वर विंडचीटर पुरणार नाही का? ड्रायसूट भाड्यानेही महाग पडतो.

---

उत्तरवारा | ४ मार्च, सकाळी ७.१५

नाही पुरणार. वेटसूट अंगालगतचं पाणी ऊबदार करून काम करतो. ६ अंशाच्या पाण्यात तो वेळ थोडा वाढवतो इतकंच, आणि बाहेर आल्यावर ओल्या सूटवर वारा लागला की उरलेली ऊब जाते. इथल्या कपड्यांचा नियम उलटा आहे. हवा बघून नाही, पाणी बघून कपडे घालायचे. हवा १५ अंश असते, वल्हवताना घाम येतो, मग मंडळी सूट कमरेपर्यंत उतरवून बसतात आणि नेमकी तेव्हाच लाट येते. उकडलं तर टोपी काढा, मनगटं पाण्यात बुडवा. सूट उतरवायचा नाही.

ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, फक्त कोरडं ठेवतो. आत मेरिनोचा पातळ थर, त्यावर मध्यम जाडीचं फ्लीस, पायात लोकरीचे दोन मोजे. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा. गळ्याच्या आणि मनगटाच्या लॅटेक्स पट्ट्या हा सूटचा नाजूक भाग. सनस्क्रीन, डास पळवायचं औषध आणि खोबरेल तेल या तिन्हींनी लॅटेक्स चिकट होऊन फाटतं. हात धुवूनच पट्टीतून घाला, घड्याळ आणि अंगठ्या आधी काढा. झिपला मेण लावा, नाहीतर तिसऱ्या दिवशी दात अडकतात. सूट घातल्यावर गुडघ्यांवर बसून गळ्याची पट्टी दोन बोटांनी उघडा आणि आतली हवा बाहेर काढा. हवा राहिली तर पाण्यात ती पायांकडे जाते आणि उलटं लटकल्यासारखं होतं.

हातांसाठी वल्ह्याला बांधायच्या निओप्रीनच्या पिशव्या हातमोज्यांपेक्षा बऱ्या, वल्ह्यावरची पकड उघडी राहते. पण उलटल्यावर हात बाहेर काढावे लागतात, म्हणून जाड हातमोजे आणि निओप्रीनची टोपी लाइफ जॅकेटच्या खिशात असू द्या, पिशवीच्या तळाशी नको.

---

भांगउधाण | ४ मार्च, दुपारी १.२०

कपड्यांवर इतकं लिहिलंत आणि भरतीवर एक ओळ नाही! इथे मुक्काम, जेवण, निघायची वेळ, सगळं भरतीच्या तक्त्यावर चालतं. मालवणला उधाणालाही पाणी दोन-अडीच मीटर चढतं, मुंबईला फार तर पाच. ग्लेशियर बेमध्ये उधाणाला हा फरक २५ फूट, म्हणजे साडेसात मीटरपर्यंत जातो.

बाराव्या भागाचा हिशोब करा, म्हणजे एकूण फरकाचे बारा भाग पाडा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ७.२ मीटर धरला तर एक भाग ६० सेंटिमीटर. तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला १.८ मीटर चढतं, मिनिटाला ३ सेंटिमीटर. वीसास एक उताराच्या वाळूवर याचा अर्थ तासाभरात पाणी ३६ मीटर आत येतं. जेवायला उतरलात, कयाक पाण्याच्या काठाला टेकवून चूल मांडलीत, तर उपमा होईपर्यंत कयाक तरंगायला लागलेली असते. कयाक नजरेआड करायची असेल तर आधी वर न्या आणि नाळेची (पुढच्या टोकाची) दोरी दगडाला किंवा झाडाला बांधा.

दुसरी गोम अशी की इथल्या दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. दुपारची भरती ४ मीटरची, तर मध्यरात्रीनंतरची साडेपाचची असू शकते. दुपारी समुद्र ज्या रेषेपर्यंत आला ती बघून तंबू ठोकला की रात्री दोन वाजता झोपेच्या पिशवीत पाणी. तंबूची जागा ठरवताना त्या रात्रीची आणि दुसऱ्या पहाटेची, दोन्ही भरत्यांची उंची बघायची. किनाऱ्यावरची शेवाळाची ताजी ओळ पुरेशी नाही, तिच्या वरची जुनी, वाळलेली ओळ शोधा आणि तिच्याही वर जा. समुद्रगवत उगवलंय म्हणजे सुरक्षित, असंही नाही, मोठं उधाण गवतातही शिरतं. जमलं तर पूर्ण प्रवासच भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत बसवा. पाणीही कमी धावतं आणि कयाक वाहून न्यायचं अंतरही कमी होतं.

तक्ता फुटांत असतो, आणि घड्याळाची उन्हाळी वेळ त्यात धरली आहे की नाही ते वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते न वाचता निघालं की सगळा हिशोब एक तासाने चुकतो.

---

उत्तरवारा | ४ मार्च, सायंकाळी ६.५०

मान्य, तुमच्यासाठीच सोडलं होतं. 🙂 प्रवाहाची भर घालतो. उपसागराच्या खालच्या भागातल्या सिटाकाडे नॅरोज या चिंचोळ्या पट्ट्यात प्रवाह ६ नॉटपर्यंत जातो. भरलेली कयाक टिकाऊ वेगाने ३ नॉट, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. प्रवाहाविरुद्ध जोर लावला तर तुम्ही जागेवरही राहत नाही, मागे जाता. वर जायचं तर चढत्या पाण्याबरोबर, खाली यायचं तर सुकतीबरोबर (ओहोटीच्या पाण्याबरोबर). शिवाय वारा प्रवाहाच्या उलट असेल तर तिथे लाटा उभ्या राहतात.

---

सह्यकडा | ५ मार्च, सकाळी १०.३०

मार्गाबद्दल : पहिल्यांदा जाणाऱ्यांनी थेट उपसागराच्या पश्चिम फाट्यात मार्जरी हिमनदीपर्यंत जावं का? डे-बोट (दिवसाची पर्यटक बोट) वर सोडते असं वाचलं.

---

उत्तरवारा | ५ मार्च, दुपारी १२.१०

सोडते. ठरावीक जागी उतरवते आणि परत उचलते, त्या जागा दर मोसमात बदलतात. त्यामुळे आधी या वर्षीची यादी बघा, मग मार्ग आखा. त्याने सिटाकाडेही टळतं. पश्चिम फाट्यात पाण्यात उतरणाऱ्या हिमनद्या आहेत, पण क्रूझ जहाजंही तिकडेच जातात, दिवसाला जास्तीत जास्त दोन. जॉन्स हॉपकिन्स इनलेट सीलच्या पिल्लांसाठी मे-जूनमध्ये बंद असते, जुलैत कयाकला जाता येतं. पूर्व फाट्यात, म्हणजे म्यूर इनलेटमध्ये, म्यूर हिमनदी स्वतः आता समुद्रापर्यंत पोचत नाही, पण वरचा भाग १५ जुलैपर्यंत मोटरबोटींना बंद असतो. शांतता हवी असेल तर तिकडे.

माझं मत : पहिली दोन रात्री बिअर्डस्ली बेटांत, मग बोटीने वर.

---

दोन_वल्ही | ५ मार्च, दुपारी ३.४५

असहमत. बिअर्डस्ली 'सोपं' म्हणून सांगितलं जातं, पण तिथे बेटांची भूलभुलैया आहे. बार्टलेट कोव्हमधून आत शिरायची चिंचोळी वाट ओहोटीला कोरडी पडते, भरतीच्या माथ्याच्या आसपासच पार होते. वेळ चुकली की चिखलात कयाक खेचा किंवा सहा तास थांबा. जमीन वर येत असल्याने नकाशाही फसवतो. पहिल्याच दिवशी भरलेल्या कयाकने हे कशाला? त्यापेक्षा पहिला दिवस रिकाम्या कयाकने बार्टलेट कोव्हमध्येच घालवा, उलटून परत चढायचा सराव करा आणि दुसऱ्या दिवशी बोट पकडा.

हिमनदीच्या तोंडापासून निदान पाव मैल, ४०० मीटर दूर. तरंगत्या हिमखंडाजवळही जायचं नाही. वितळून तोल बदलला की तो आवाज न करता उलटतो, आणि पाण्याखालचा भाग वर दिसतो त्याच्या कितीतरी पट असतो. बर्फ कोसळल्यावर लाट यायला काही मिनिटं लागतात. ती खोल पाण्यात फुगवट्यासारखी जाते आणि उथळ किनाऱ्यावर फुटते. म्हणून हिमनदीसमोर वाळूवर उतरून फोटो काढत बसण्यापेक्षा पाण्यात, नाळ लाटेकडे करून राहणं बरं.

---

खाडीकाठ | ५ मार्च, रात्री ८.००

जोडकयाक भरलेली असताना उलटली तर? व्हिडिओंमध्ये दाखवतात तशी दुसऱ्याच्या डेकवर ओढून रिकामी करायची का?

---

दोन_वल्ही | ५ मार्च, रात्री १०.२५

नाही, आणि सरावात इथेच सगळे चुकतात. रिकामी एकल कयाक उचलून टी-आकारात ओतता येते. सात दिवसांच्या सामानाची जोडकयाक दोघांना उचलवत नाही, प्रयत्नात दुसरी कयाकही उलटते. क्रम असा :

स्कर्टचा (कमरेभोवती घालून बसायच्या भोकावर ताणायच्या झाकणाचा) पट्टा पुढे ढकलून मग वर ओढा. हा पट्टा स्कर्टच्या आत दुमडलेला नाही ना, हे निघताना एकाने दुसऱ्याचं तपासायचं. बाहेर आल्यावर बोटीचा हात सोडायचा नाही, वारा बोट माणसाच्या पोहण्यापेक्षा जलद नेतो. दोघांनी एकाच बाजूने कॉकपिटची (बसायच्या भोकाची) कड धरून बोट सरळ करा. तोवर दुसरी कयाक शेजारी, उलट तोंडाने येते. तिच्यातला माणूस तुमच्या डेकवर पूर्ण झुकून दोन्ही हातांनी कॉकपिटची कड धरतो. अर्धवट धरलं की निसटतं. जो जास्त गारठला आहे तो आधी चढतो : पोट डेकवर, पाय मागे लाथेसारखे मारत, मग वळून आत. हात थकले असतील तर नायलॉनच्या पट्टीचा फास कॉकपिटभोवती टाकून पायरी करा. मग दुसरा. लगेच स्कर्टची कड बसवा आणि एका बाजूने पंप आत घाला, नाहीतर लाटा पुन्हा भरतात. हातपंप मिनिटाला २५-३० लिटर काढतो, आणि दोन कॉकपिटमध्ये दीडशे लिटरहून जास्त पाणी सहज बसतं. म्हणजे सात-आठ मिनिटांची मेहनत. पंप दोन हवेत, आणि बाल्कहेड (कयाकच्या आतले आडपडदे) गळत नाहीत हे भाड्याची कयाक घेताना हॅचमध्ये (सामानाच्या कप्प्याच्या तोंडातून) पाणी ओतून बघा.

हे सगळं दहा मिनिटांत बसवायचं आहे, म्हणून निघण्याआधी तळ्यात निदान चारदा, त्यातले दोनदा सामान भरून.

---

सुकी_चटणी | ६ मार्च, सकाळी ९.१५

खाण्याकडे कोणी वळणार की नाही? 😄 दिवसाला माणशी ३,००० ते ३,५०० कॅलरी धरा, थंडीत त्याखाली हात गार पडतात. आपलं बरंच काही इथे चालतं : तुपात भाजलेल्या रव्याचा कोरडा उपमा, मऊ भातावर मेतकूट, वाळवलेल्या आमटीची पूड, डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. पोहे फार जागा खातात, डब्यात बसत नाहीत. अडचण हीच आहे. सगळं अन्न आणि दात घासायची पेस्ट, साबण, ओठांचं मलम, उष्टी पाकिटं, म्हणजे ज्याला वास आहे ते सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या त्या डब्यांतच जायला हवं. डबे रिकामे घेऊन आधी कयाकच्या हॅचमधून जातात का ते बघा. मोठा डबा काही मॉडेलच्या पुढच्या हॅचमधून जातच नाही.

फोडणी करू नका. हिंग-मोहरीचा वास वाऱ्यावर लांब जातो आणि कपड्यांत बसतो. स्वयंपाक आणि जेवण भरतीरेषेच्या खाली, तंबूपासून १०० मीटरवर. सांडलेलं पुढच्या भरतीला धुऊन जातं. खरकटं पाणीही तिथेच. शौचालाही भरतीरेषेच्या खाली, जितकं पाण्याजवळ जमेल तितकं, आणि कागद पिशवीतून परत आणायचा.

गॅस : २३० ग्रॅमच्या डब्यात निवांत हवेत १५ लिटरच्या आसपास पाणी उकळतं, वाऱ्यात दहाच धरा. चौघांना दिवसाला ५-६ लिटर, म्हणजे सात रात्रींसाठी चार डबे, वर एक राखीव. झऱ्यांचं पाणी उकळून किंवा गाळून प्या. हिमनदीचं दुधाळ पाणी थेट फिल्टरमध्ये घातलं की तो काही लिटरांत तुंबतो. पातेल्यात रात्रभर ठेवून वरचं नितळ घ्या.

---

कडेलोट | ६ मार्च, दुपारी ४.३०

एक मुद्दा राहिला, दरडी. हिमनदी मागे सरली की फ्योर्डच्या (हिमनदीने कोरलेल्या खोल खाडीच्या) उतारांचा आधार जातो. ९ जुलै १९५८ ला लिटुया बेमध्ये (हे याच उद्यानाच्या बाहेरच्या किनाऱ्यावर आहे) भूकंपाने दरड कोसळली आणि समोरच्या डोंगरावर पाणी ५२४ मीटर चढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये जूनोच्या दक्षिणेला ट्रेसी आर्ममध्ये दरडीने लाट उठली, तेव्हा फ्योर्डच्या तोंडाशी तंबू टाकलेल्या कयाकवाल्यांचं सामान वाहून गेलं. हे रोज होत नाही, म्हणून भिऊन घरी बसू नका. पण तंबू नेहमीपेक्षा चार-पाच मीटर जास्त उंचीवर टाकणं आणि कयाक रात्रीही बांधून ठेवणं फुकट आहे. ताज्या, झाडं नसलेल्या खडीच्या उताराखाली किंवा अरुंद इनलेटच्या टोकाशी मुक्काम टाळा. खाडीतलं पाणी अचानक भरती-ओहोटीशी न जुळता मागे सरलं किंवा चढलं, तर सामान गोळा करत बसू नका, वर पळा.

---

उत्तरवारा | ६ मार्च, रात्री ९.०५

उत्तम भर. संपर्काचं लिहून टाकतो. बार्टलेट कोव्ह सोडलं की मोबाइल नाही. हातातला ५ वॉटचा व्हीएचएफ रेडिओ, आणीबाणीला चॅनल १६. पण तो सरळ रेषेत चालतो, डोंगराआड गेलात की मुका. म्हणून उपग्रहावर चालणारा संदेशक किंवा पीएलबी (आणीबाणीत उपग्रहामार्फत तुमची जागा कळवणारा छोटा यंत्रसंच) हवाच, आणि तो लाइफ जॅकेटला बांधलेला. बोटीत ठेवलेला पीएलबी बोटीलाच वाचवतो.

वाऱ्याचं : पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले म्हणजे १० ते १२ नॉट. भरलेल्या जोडकयाकला १५ नॉट ही सीमा, त्यावर किनारा धरा. हिमनद्यांकडून उतरणारा थंड वारा म्हणजे आपल्या मतलईचा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा) राक्षसी भाऊ. तो फ्योर्डमध्ये कोंडला जातो आणि इशारा न देता सुटतो. जुलैत ४ च्या सुमारास उजाडतं, म्हणून इनलेट आडवी ओलांडायची ती पहाटे. ५ किलोमीटरच्या ओलांडणीला तास धरा, आणि त्या तासात प्रवाह किती बाजूला नेईल ते वजा करून नाळ वरच्या अंगाला रोखा. दिवसाचं उद्दिष्ट १८ किलोमीटरच ठेवा, आणि सातांतला एक दिवस वाऱ्यासाठी कोरा.

हंपबॅक देवमासा दिसला तर पाव सागरी मैल, ४६० मीटर, हे अंतर कायद्याचं. तो स्वतःहून जवळ आला तर वल्हं थांबवा, कयाकवर टिकटिक करा म्हणजे त्याला तुमची जागा कळते.

---

खाडीकाठ | ७ मार्च, सकाळी ८.२०

गारठलेल्या माणसाचं काय करायचं? ब्रँडी वगैरे?

---

दोन_वल्ही | ७ मार्च, सकाळी ९.५५

ब्रँडी नको, दारूने त्वचेकडे रक्त जाऊन आतली ऊब आणखी उतरते. लक्षणं : शब्द अडखळतात, चेन लावता येत नाही, माणूस गप्प होतो आणि 'मी ठीक आहे' म्हणतो. वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, आडवं झोपवा, झोपेच्या पिशवीत गरम पाण्याच्या बाटल्या काखेत आणि छातीशी, कापडात गुंडाळून. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पाणी. हातपाय चोळायचे नाहीत, चालवायचं नाही. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्तावला, तर तो सुधारत नाहीये, लगेच १६ आणि पीएलबी.

एक कोरडा संच पूर्ण वेगळ्या पिशवीत, गळ्याशी तीनदा गुंडाळून. ती पिशवी कॉकपिटमागे, हॅचच्या तळाशी नाही.

---

सह्यकडा | ७ मार्च, सकाळी ११.४०

हॅचच्या मापाचं विचारलं. भाड्याच्या जोडकयाकच्या मागच्या अंडाकृती हॅचमधून मोठे डबे जातात, पुढच्या गोल हॅचमधून नाही. म्हणजे चौघांचे डबे मागे आणि तंबू पुढे?

---

उत्तरवारा | ७ मार्च, दुपारी १२.३०

डबे मागे, पण कॉकपिटच्या जितके जवळ तितके बरे, टोकाला नाही. पुढे तंबू आणि पिशव्या. भरून पाण्यात सोडा आणि बाजूने बघा. मागची बाजू बोटभर खाली असेल तर ठीक, नाळ खाली असेल तर मागून वारा आला की कयाक वळवत राहते. पाण्याच्या बाटल्या मागच्या माणसाच्या पायांमागे टाका, त्याने शेवटचा तोल साधतो.